कैंथ : हिमालयातील काटक रानटी नासपती

हिमालयाच्या मध्यम उंचीच्या डोंगररांगांत आढळणाऱ्या रानटी नासपतीस हिमाचल प्रदेशात 'कैंथ', तर उत्तराखंडात 'मेहल' म्हणतात. पायरस पाशिया हे या वृक्षाचे शास्त्रीय नाव असून डेव्हिड डॉन यांनी १८२५ मध्ये नेपाळच्या वनस्पतींवरील ग्रंथात त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. 'पासी' या नेपाळी नावावरून 'पाशिया' हा शब्द आला.

अफगाणिस्तान व पाकिस्तानपासून भारत, नेपाळ, भूतान, म्यानमार आणि दक्षिण चीनपर्यंत या वृक्षाचा आढळ आहे. साधारणतः ७५० ते २,६०० मीटर उंचीवरील मोकळे, खडकाळ उतार, बांज व चीड वृक्षांच्या वनांच्या कडा आणि पायऱ्यांच्या शेतांचे बांध हा त्याचा अधिवास होय. या भागात बहुतांश पाऊस पावसाळ्याच्या चार महिन्यांतच पडतो आणि उतारावरून वाहून जातो. तरीही उथळ, निकृष्ट जमिनीत कैंथ तग धरतो.

सहा ते दहा मीटर उंचीच्या या वृक्षाच्या आखूड फांद्यांची टोके काटेरी असतात. मार्च-एप्रिलमध्ये तो पांढऱ्या फुलांनी बहरतो. त्याची लहान, तपकिरी फळे प्रथम तुरट व रवाळ लागतात. मऊ पडून काळसर झाल्यावरच ती गोड होतात. पाला गुरांना चारा म्हणून, तर लाकूड हातकाठ्या व सरपणासाठी वापरले जाते.

फळबागांच्या दृष्टीने मात्र कैंथचे खरे मोल त्याच्या मुळांत आहे. पाटपाण्याची सोय नसलेल्या डोंगराळ भागात कैंथच्या रोपावर सुधारित नासपतीचे कलम बांधतात. महाराष्ट्रातील द्राक्षबागांत पाण्याच्या टंचाईमुळे डॉगरिज खुंटास जे महत्त्व आले, तेच तेथे कैंथला आहे. या खुंटास फुटवे फार येतात आणि बियांपासूनची रोपे एकसारखी निघत नाहीत, या त्याच्या उणिवा होत. दाट लागवडीसाठी वापरला जाणारा क्विन्सचा खुंट झाड ठेंगणे ठेवतो. परंतु त्याची मुळे उथळ असल्याने त्यास नियमित पाणी द्यावे लागते.

कैंथची रोपे रानातील झाडांच्या बियांपासूनच तयार होतात. त्यामुळे बांधावरचे काटेरी झाड निरुपयोगी समजून तोडले गेल्यास केवळ सरपण मिळते. कोरडवाहू बागांचा बियाण्याचा आधार मात्र कायमचा जातो.