जुन्या पिकअपला बळ देताना...

आंब्याच्या हंगामात रत्नागिरीहून हापूसच्या पेट्या भरून कोल्हापूरकडे निघालेली पिकअप आंबा घाटाला लागली, की तिच्या इंजिनाची खरी परीक्षा सुरू होते. दहा-बारा वर्षे धावलेली गाडी तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर येते, धूर सोडू लागते आणि पाठीमागे वाहनांची रांग लागते. गाडी ‘दम धरत नाही’ ही तक्रार घेऊन मालक गॅरेज गाठतो. तेथे पंप वाढवण्यापासून टर्बो बसवण्यापर्यंत आणि संगणकीय रिमॅपपासून दुसरे इंजिन टाकण्यापर्यंत अनेक उपाय सुचवले जातात. यातील कोणता उपाय आपल्या गाडीला मानवेल आणि कोणता इंजिनाचा घास घेईल, हे आधी समजून घेणे हिताचे ठरते. कारण पिकअप ही बहुतेकांच्या बाबतीत हौसेची गाडी नसून घर चालवणारी गाडी असते.

भारतीय रस्त्यांवर पिकअप या वाहनप्रकाराला ओळख मिळवून देण्यात ‘टेल्को’ने १९८८ मध्ये पुण्यात तयार केलेल्या ‘टाटामोबाइल’चा मोठा वाटा आहे. पुढे २९५६ सीसीचे इंजिन असलेली ‘टाटा २०७ डीआय’ आणि २५२३ सीसीच्या इंजिनाची महिंद्राची पिकअप या गाड्यांनी बाजार समित्यांपासून बांधकामापर्यंतची वाहतूक उचलली. आज जुन्या म्हणून हाताळल्या जाणाऱ्या गाड्यांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. पहिल्या गटातील इंजिनांत डिझेलचे प्रमाण यांत्रिक पंप ठरवतो. दुसऱ्या गटात ‘कॉमन रेल’ पद्धत असून डिझेल किती व केव्हा सोडायचे हे ‘ईसीयू’ म्हणजे इंजिनाचा संगणक ठरवतो. आपली गाडी कोणत्या गटातील आहे, यावरच पुढची निवड अवलंबून असते.

आधी निदान, मग उपाय

शक्ती ‘कमी पडते’ आणि शक्ती ‘कमी झाली आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवी असताना जो घाट गाडी सहज चढत होती, तोच आता जड जात असेल, तर तिला वाढीव शक्ती नव्हे, गमावलेली शक्ती परत हवी आहे. तिची कारणे बहुधा साधी असतात. चोंदलेला एअर फिल्टर, जुना डिझेल फिल्टर, झिजलेले नोझल, बिघडलेले टॅपेट सेटिंग, पंपाचे हललेले टायमिंग, टर्बोच्या रबरी होजला पडलेली चीर, घसरणारी क्लच प्लेट किंवा चाकाला चिकटून राहणारा ब्रेक यांपैकी काहीही गाडीचा जोर खाऊ शकते.

धुराचा रंगही बरेच काही सांगतो. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा अपुरी पडत आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. गरम झालेल्या इंजिनातून सतत येणारा पांढरा धूर न जळलेल्या डिझेलची किंवा सिलिंडरमध्ये झिरपणाऱ्या पाण्याची शंका उत्पन्न करतो. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण उघडल्यावर जोराने वाफा येत असतील, तर मिस्त्रींच्या भाषेत इंजिन ‘बॅक कॉम्प्रेशन’ मारते आहे. म्हणजेच रिंगा व लायनर झिजल्यामुळे सिलिंडरमधील दाब खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतो आहे. अशा इंजिनावर शक्तिवाढीचा कोणताही प्रयोग करणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय. त्यासाठी प्रथम चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. एका सिलिंडरचा आकडा इतरांहून बराच कमी आला, तर आधी इंजिनाचे काम काढावे.

घाटाचे गणित

किती शक्ती पुरेशी, हे अंदाजाने नव्हे तर हिशेबाने ठरवता येते. मालासह २८०० किलो वजनाची पिकअप पंधराला एक या चढावर ताशी ४० किलोमीटरने चढवायची असेल, तर चढ आणि टायरचा रोध मिळून चाकांपाशी सुमारे ३३ अश्वशक्ती लागते. गिअर व ॲक्सलमधील घट धरली तर इंजिनाला साधारण ३८ अश्वशक्ती द्यावी लागते. महिंद्राच्या कॉमन रेल इंजिनाची मूळ क्षमता सुमारे ६३ अश्वशक्ती आहे. म्हणजे निरोगी इंजिनाला हा चढ जड जाण्याचे कारण नाही.

याच गाडीत एक टन माल जादा भरला, की त्याच वेगासाठी इंजिनाकडून सुमारे ५२ अश्वशक्तीची मागणी होते. जादा मालाने खाल्लेली ही १४ अश्वशक्ती म्हणजे रिमॅपने मिळू शकणाऱ्या वाढीच्या जवळपास जाणारा आकडा होय. अनेक गाड्यांना इंजिन कमी पडत नसते, माल जास्त होत असतो. नोंदणी पुस्तकात रिकामे वजन आणि एकूण वजन असे दोन आकडे असतात. त्यांतील फरक हाच चालकासह कायदेशीर भार होय. २०१९ च्या सुधारणेनंतर मोटार वाहन कायद्यात जादा भारासाठी २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

उंचीचाही परिणाम होतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती दर हजार मीटर उंचीमागे साधारण दहा टक्क्यांनी घटते, कारण वर हवा विरळ असते. महाबळेश्वरसारख्या साडेतेराशे मीटर उंचीच्या ठिकाणी जुन्या, टर्बोविरहित गाड्या काळ्या धुराने ओळखू येतात त्या यामुळेच. टर्बो असलेल्या इंजिनाला ही झळ बरीच कमी पोचते.

पर्याय कोणते?

यांत्रिक पंप वाढवणे : हा सर्वांत स्वस्त, म्हणून सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत धोक्याचा उपाय आहे. पंपाचे सील तोडून स्क्रू फिरवला, की डिझेल जास्त जाते आणि गाडी पहिल्या दिवशी चपळ वाटते. पण हवा तेवढीच राहते. एक भाग डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे साडेचौदा भाग हवा लागते, आणि धूर टाळायचा तर डिझेल इंजिनाला त्याहूनही बरीच जास्त हवा हवी असते. ती नसेल तर जादा डिझेल काजळी आणि उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. लांबलचक घाटात ही उष्णता पिस्टन, व्हॉल्व्ह आणि टर्बोवर साठत जाते. पिस्टन ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूचा असतो आणि शुद्ध ॲल्युमिनिअम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, हे लक्षात घेतले की पंपवाल्याच्या पेचकसाने काय होऊ शकते याची कल्पना येते. पंप आणि नोझल खोलून चाचणी यंत्रावर कंपनीच्या मापानुसार कॅलिब्रेट करून घेणे मात्र पूर्ण वेगळे काम आहे. जुन्या गाडीसाठी तो उत्तम खर्च ठरतो.

इंटरकूलर : टर्बोने दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ होते. ११० अंशांची हवा ६० अंशांपर्यंत थंड झाली, तर त्याच दाबाला तिची घनता सुमारे १५ टक्क्यांनी वाढते. टर्बो आहे पण इंटरकूलर नाही अशा इंजिनासाठी हा उपाय तांत्रिकदृष्ट्या निर्धोक मानावा लागेल. डिझेल न वाढवताही धूर आणि उष्णता कमी होते. अट इतकीच, की तो रेडिएटरकडे जाणारी हवा अडवणार नाही अशा जागी बसावा.

नव्याने टर्बो बसवणे : कागदावर हा पर्याय आकर्षक दिसतो. परंतु टर्बोशिवाय आखलेल्या इंजिनात कॉम्प्रेशनचे गुणोत्तर बहुधा जास्त असते, पिस्टनला खालून ऑइलचा फवारा देण्याची सोय असतेच असे नाही, आणि हेड गॅसकेट व बेअरिंगा मूळ दाबासाठीच बनवलेल्या असतात. टर्बोची दांडी मिनिटाला लाखभर फेरे घेते आणि ती इंजिनाच्याच ऑइलवर तरते. म्हणून ऑइलचा दाब आधीच कमी असलेल्या जुन्या इंजिनावर टर्बो चढवणे व्यवहार्य नाही. ज्यांच्या गाडीत टर्बो आहे, त्यांनीही घाट चढून थांबल्यावर इंजिन एक-दोन मिनिटे मंद चालू ठेवून मगच बंद करावे.

रिमॅप आणि ट्यूनिंग बॉक्स : कॉमन रेल इंजिनात ईसीयूमधील आकडे बदलून डिझेलचे प्रमाण, वेळ आणि टर्बोचा दाब वाढवता येतो. बाजारात साधारण २० ते ३० टक्के वाढीचे दावे केले जातात. मात्र प्रवासी गाडी ही वाढ क्वचित, ओव्हरटेक करताना वापरते. मालाने भरलेली पिकअप ती सलग अर्धा तास वापरते. त्यामुळे पिकअपसाठी रिमॅप करायचाच झाला, तर तो सौम्य असावा. बाहेरून जोडला जाणारा स्वस्त ट्यूनिंग बॉक्स बहुधा रेलमधील दाब कमी असल्याचा खोटा संदेश ईसीयूला देतो. परिणामी पंप आणि इंजेक्टरवर कायमचा ताण येतो, आणि कॉमन रेलचे इंजेक्टर हे जुन्या गाडीतील सर्वांत महाग सुट्या भागांपैकी एक आहेत.

फिल्टर आणि सायलेन्सर : उघडा कोन फिल्टर लावल्याने आवाज वाढतो, शक्ती फारशी वाढत नाही. उलट शेतरस्ते आणि खाणींच्या परिसरातील धूळ आत शिरून लायनर घासते. मूळ पद्धतीचा, वेळेवर बदललेला फिल्टरच योग्य. गंजून आतून बसलेला सायलेन्सर बदलल्याने मात्र फरक पडतो. काजळी धरते म्हणून ‘ईजीआर’ व्हॉल्व्ह पत्रा लावून बंद करण्याची पद्धत आहे. तो साफ करणे योग्य. बंद करण्याने विषारी नायट्रोजन ऑक्साइड वाढतात आणि गाडी नियमबाह्य ठरते.

टायर : अनेक मालक जमिनीपासून उंची मिळावी म्हणून मोठे टायर घालतात. टायरचा व्यास सात टक्क्यांनी वाढला, की चाकांपाशी मिळणारा ओढ जवळपास तेवढाच घटतो. मूळ मापाचे टायर परत घालणे, हा चढावर जोर मिळवण्याचा एक छुपा आणि निर्धोक मार्ग आहे.

इंजिन बांधणे किंवा बदलणे : रिंगा, लायनर, पिस्टन, बेअरिंगा, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग आणि पंप-नोझलचे काम एकत्र केले, तर इंजिन मूळ क्षमतेच्या जवळ येते. वर चर्चिलेल्या कोणत्याही जोडणीपेक्षा झिजलेल्या गाडीला याचा लाभ अधिक होतो. भंगार बाजारातून दुसरे इंजिन आणताना त्याचा क्रमांक, कागदपत्रे आणि कॉम्प्रेशन तपासल्याखेरीज व्यवहार करू नये.

उतारही विसरू नये

जुन्नर-नारायणगावचा टोमॅटो माळशेज घाटाने कल्याणकडे येतो, तेव्हा भरलेली गाडी चढत नसते, उतरत असते. तेथे वाढवलेली अश्वशक्ती काहीच कामाची नाही. कामाला येतात ते ब्रेक आणि खालचा गिअर. ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटरचा वेग असेल, तर ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा सुमारे पावणेदोन पट होते. म्हणून शक्तीवर खर्च करण्याआधी ब्रेक लायनर, ड्रम, ब्रेक ऑइल आणि रेडिएटर यांवर खर्च करावा. माल कोणत्या दिशेने जातो हे पाहूनच गाडीत बदल ठरवावेत.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाहून नोंदणी पुस्तकातील नोंद वेगळी होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा अर्थ स्पष्ट करताना मूळ रचनेत फेरफाराला मुभा नसल्याचे म्हटले. त्याच वर्षीच्या सुधारणेने अवैध बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. इंजिन बदलल्यास आरटीओची मान्यता आणि नव्या क्रमांकाची नोंद आवश्यक आहे.

पीयूसी चाचणीत बीएस-४ पूर्वीच्या डिझेल गाड्यांसाठी धुराची मर्यादा ६५ हार्टरिज एकक, तर बीएस-४ गाड्यांसाठी ५० एकक आहे. पंप वाढवलेली गाडी येथेच अडकते. व्यावसायिक गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग करावे लागते, त्या वेळीही हे बदल उघडे पडू शकतात. अपघातानंतर न कळवलेला बदल विमा कंपनीच्या सर्वेक्षकाच्या नजरेस आला, तर दावा वादात सापडण्याची शक्यता असते.

खर्चाचा क्रम असा असावा

१. ब्रेक, टायर, रेडिएटर आणि क्लच.
२. एअर व डिझेल फिल्टर, टॅपेट सेटिंग, होज.
३. कॉम्प्रेशन तपासणी, पंप-नोझलचे कॅलिब्रेशन.
४. गरज असल्यास इंजिन बांधणे.
५. एवढे करूनही शक्ती कमी वाटल्यास आरटीओची मान्यता आणि विमा यांची खात्री करून, टर्बो असलेल्या गाडीला इंटरकूलर.
६. यानंतरही गाडी पुरेशी वाटत नसेल, तर भार कमी करणे किंवा मोठ्या क्षमतेची गाडी घेणे.

या यादीतील पहिल्या चार पायऱ्यांतच बहुतेक जुन्या पिकअपची तक्रार मिटते. त्यांतील एकाही कामासाठी नोंदणी पुस्तकातील अक्षर बदलावे लागत नाही. मूळ ६३ अश्वशक्तीतील ४५ उरली असेल, तर उरलेली १८ परत मिळवणे हीच त्या गाडीसाठी मोठी शक्तिवाढ होय. इंजिनाला त्याच्या घडणीपलीकडे पळवणाऱ्या मालकाला काही महिने वेग मिळतो आणि नंतर ऐन हंगामात गाडी गॅरेजमध्ये उभी ठेवावी लागते. आंबा किंवा टोमॅटो तेवढे दिवस थांबत नाही.