माळवद, तुळई आणि खण

संत मार्काच्या शुभवर्तमानातील पक्षाघाती माणसाची कथा आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. दारात गर्दी फार, म्हणून चौघांनी घराचे छप्पर उकरले आणि त्याला बाजेसह प्रभूसमोर खाली सोडले. कौलारू घरात वाढलेल्या मुलाला 'छप्पर उकरणे' हे कोडेच वाटेल. सोलापूरकराला ते समजावून सांगावे लागत नाही. गालीलातील छपरे लाकडी तुळयांवर काटक्या अंथरून, वर माती चोपून केलेली असत. आमच्याकडे अशाच छपराला माळवद म्हणतात.

सोलापुरात वर्षाकाठी पाऊस जेमतेम सहाशे मिलिमीटर आणि उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे. म्हणून उतरत्या छपराऐवजी येथे सपाट, जाड माळवद रूढ झाले. जुन्या घरात अंगणालगतच्या सोप्यावरही तेच असे. दगडी तळखड्यावर खांब, खांबांवर तुळई, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर किलचा, त्यावर पाला आणि शेवटी खारवट पांढरी माती. हा सोपा फुटांत नव्हे, खणांत मोजला जाई. खण म्हणजे दोन तुळयांमधले अंतर. 'पाच खणांचा सोपा' म्हटले की सुताराच्या मनात लाकडाचा हिशेब सुरू होई.

त्या हिशेबामागे पक्के गणित आहे. तुळईची उंची दुप्पट केली तर तिचे बळ चौपट होते. रुंदी दुप्पट केली तर केवळ दुप्पट. म्हणूनच चौरसाहून उभी तुळई अधिक कामाची. उलट, तेवढ्याच भाराखाली दोन आधारांतील अंतर दुप्पट झाले की ताण चौपट वाढतो आणि तुळईचा बाक सोळापट. साग महाग आणि दुरून येणारा. हाताशी असत ती बाभूळ आणि लिंबाची आखूड लाकडे. खण लहान ठेवण्यातच शहाणपण होते.

एक फूट जाड मातीचे वजन चौरस फुटाला सुमारे पंचेचाळीस किलो भरते. पाच फूट रुंद आणि दहा फूट लांब खणावर ते सव्वादोन टनांच्या घरात जाते. गळती थांबावी म्हणून पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती पडे. जुनी मात्र क्वचितच उतरवली जाई. आजोबांनी एक फुटाच्या हिशेबाने बसवलेल्या तुळईवर नातवाच्या काळात दीड-दोन फूट माती साठे. लाकूड तेच, खण तोच. ओझे मात्र दुप्पट!

30 सप्टेंबर 1993 रोजी, संत जेरोमच्या स्मृतिदिनी, पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. सोलापूरही हादरले. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती फुटल्या आणि त्यांच्यावर टेकलेली माळवदे खाली आली. जेथे तुळया भिंतीवर न टेकता स्वतंत्र खांबांवर होत्या, तेथे अनेक ठिकाणी भिंती ढासळूनही छप्पर उभे राहिले आणि त्याखालची माणसे वाचली. पुढे जुन्या घरांच्या मजबुतीसाठी तज्ज्ञांनी दिलेला सल्ला साधाच होता: जादा माती उतरवा, खांब-तुळईच्या सांध्याला तिरपे टेकू द्या.

माळवदाला दोष देणे सोपे आहे. आम्हाला तसे वाटत नाही. खण ठरवणाऱ्या सुताराने आपले काम चोख केले होते. त्याचा हिशेब पुढच्या पिढीला कोणी सांगितला नाही, तेथे घात झाला. आज आपल्या अंगणात लोखंडी नळ्या आणि पत्र्याचे छप्पर उभे राहते. तेव्हाही पहिला प्रश्न तोच असावा: आधारांमधले अंतर किती, आणि वर ओझे किती? प्रभू येशू सुताराच्या घरी वाढला. हा प्रश्न नासरेथच्या त्या कामाच्या जागीही रोज विचारला जात असेल.