न खेळलेले अठ्ठावीस सामने

ज्या स्पर्धेत प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी, फुटबॉलमध्ये सहसा एकदा स्वतःच्या आणि एकदा त्याच्या मैदानावर, खेळतो, विजय व बरोबरीबद्दल ठरलेले (आज सहसा तीन व एक) गुण मिळवतो आणि या गुणांच्या बेरजेवरून ज्यात क्रम लागतो, ती साखळी स्पर्धा होय. बाद पद्धतीत हरलेला संघ तिथेच बाहेर पडतो. साखळीत मात्र शेवटचा सामना संपेपर्यंत गुणतक्ता अपुराच असतो, आणि म्हणून हंगाम मध्येच थांबला की झालेल्या सामन्यांचे मोल कसे ठरवायचे, हा न्यायाचा प्रश्न उभा राहतो. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच इंग्लंडच्या फुटबॉल साखळीने जेमतेम तीन फेऱ्यांचे निकाल रद्द करून या प्रश्नाचे उत्तर दिले होते. भारतीय फुटबॉलपुढे तो आला २०२० च्या मार्च महिन्यात.

देशव्यापी साखळी भारतात १९९६-९७ मध्ये ‘राष्ट्रीय फुटबॉल लीग’ या नावाने सुरू झाली आणि २००७-०८ पासून ‘आय-लीग’ म्हणून ओळखली जाऊ लागली. या इतिहासात गोव्याचे स्थान असाधारण आहे. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ चे विजेतेपद मिळवल्यानंतर २००६-०७ ते २०१२-१३ या सलग सात हंगामांत ते धेंपो, चर्चिल ब्रदर्स आणि साळगावकर या गोमंतकीय क्लबांकडेच राहिले. दरम्यान महिंद्राचा संघ २०१० मध्ये विसर्जित झाला, पुढे साळगावकर व धेंपो राष्ट्रीय साखळीतून बाहेर पडले, आणि २०१९-२० मध्ये आय-लीगच्या अकरा संघांत महाराष्ट्राचा एकही क्लब नव्हता, तर गोव्याचा एकटा चर्चिल ब्रदर्स उरला होता. इंडियन सुपर लीग ही दुसरी साखळी तोवर अग्रस्थानी आली होती.

आय-लीगच्या त्या हंगामात कोलकात्याच्या मोहन बागानने सोळा सामन्यांत बारा विजय आणि तीन बरोबरींसह ३९ गुण मिळवले. त्यांचा एकमेव पराभव डिसेंबर २०१९ मध्ये कल्याणी येथे चर्चिल ब्रदर्सनेच ४-२ असा केला होता. १० मार्च २०२० रोजी ऐझॉलविरुद्धच्या १-० विजयाने त्यांचे विजेतेपद निश्चित झाले, आणि चारच दिवसांनी कोविडच्या महासाथीमुळे स्पर्धा स्थगित झाली. १५ मार्चला ठरलेला मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना त्यामुळे झालाच नाही.

श्रीनगर, इम्फाळ, कोळिकोड आणि मडगाव अशा दूरदूरच्या शहरांत विखुरलेली साखळी प्रवासाशिवाय चालूच शकत नाही, आणि २५ मार्चपासून देशात टाळेबंदी होती. अडकलेल्या मजुरांसाठी महाराष्ट्रातून पहिली विशेष रेल्वेगाडी नाशिक रोडहून भोपाळकडे सुटली तीसुद्धा १ मे रोजी. त्याआधीच, १८ एप्रिलला, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या लीग समितीने हंगाम संपवण्याची शिफारस केली आणि तीन दिवसांनी कार्यकारी समितीने ती मान्य केली.

मोहन बागान विजेता ठरला. दुसऱ्या क्रमांकावरील ईस्ट बंगालपेक्षा तो सोळा गुणांनी पुढे होता, आणि राहिलेले सर्व सामने जिंकूनही त्याला कोणी गाठू शकत नव्हते. त्याच सुमारास नेदरलँड्सने विजेत्याविना हंगाम बंद केला, तर फ्रान्सने अग्रस्थानी असलेल्या पॅरिस सेंट-जर्मेनला विजेता ठरवले. फ्रान्समध्ये जे अनुमानावर अवलंबून होते, ते भारतात केवळ गणिताने सिद्ध झाले होते.

विजेतेपदाचे गणित मात्र इतर दहा क्रमांकांना लागू पडत नव्हते. नियोजित ११० पैकी २८ सामने राहिले होते, सर्व संघांचे सामनेही सारखे झाले नव्हते, आणि विजेत्याच्या खालोखाल असलेल्या संघांत मोजक्याच गुणांचे अंतर होते. म्हणून कोणाचीही पदावनती, म्हणजे खालच्या श्रेणीत घसरण, करण्यात आली नाही आणि विजेत्याखेरीजची बक्षिसाची रक्कम बाकीच्या दहा संघांत समान वाटली गेली. जो क्रम मैदानावर ठरला होता तो मान्य करणे आणि जो ठरला नव्हता तो कागदावर न ठरवणे, ही या निर्णयाची दोन अंगे होती, आणि त्यातील दुसऱ्याचे महत्त्व पहिल्याहून तसूभरही कमी नाही.

पुढच्या हंगामात प्रवासच वगळण्यात आला: आय-लीग पश्चिम बंगालमध्ये, तर सुपर लीग फातोर्डा, बांबोळी आणि वास्को या गोव्यातील तीन मैदानांवर बंद दाराआड झाली, आणि १३ मार्च २०२१ रोजी मुंबई सिटीने फातोर्ड्याच्या रिकाम्या स्टेडियममध्ये तिचे जेतेपद पटकावले. प्रेक्षकांविना का होईना, सामने पूर्ण झाले. २०२० चे ते अठ्ठावीस मात्र कायमचे राहून गेले, आणि त्या हंगामाच्या गुणतक्त्यात विजेत्याच्या नावापुढे वीसऐवजी सोळा सामन्यांची नोंद तेवढी उरली.