घाटापलीकडची गोळी

१९७९ च्या एप्रिलमधली गोष्ट. भाटघरला आमच्या घरामागच्या गोवऱ्यांच्या ढिगात आत्याच्या मुलाला विंचू चावला. तो आठ वर्षांचा, मी नऊ. माझ्या आईने त्याला आधी विंचू उतरवणाऱ्याकडे नेलं. तिथे दोन तास गेले. अंघोळ घातल्यासारखा घाम, उलट्या, आणि त्या उकाड्यात हातपाय गारठलेले. पहाटे दवाखान्याच्या वाटेवर त्याच्या तोंडाला गुलाबी फेस आला आणि तो गेला. त्या दोन तासांबद्दल आत्या आईला कधी एका शब्दाने बोलली नाही. आईने मात्र तो दोष आयुष्यभर स्वतःकडे घेतला.

मी डॉक्टर नाही. औषधाच्या दुकानात बिलं लिहिता लिहिता खोक्यांतले घडीचे कागद वाचायची सवय लागली, पुढे वैद्यकाचे जुने अंक धुंडाळू लागलो. त्या फेसाचा अर्थ मला हवा होता. तो विंचवाच्या पुस्तकात नव्हे, ॲड्रेनलिनच्या इतिहासात सापडला.

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींचा अर्क टोचला की रक्तदाब झपाट्याने चढतो, हे जॉर्ज ऑलिव्हर आणि एडवर्ड शेफर यांनी १८९४ मध्ये लंडनला दाखवलं. १९०१ च्या सुमारास जोकिची ताकामिने या जपानी रसायनज्ञाने अमेरिकेत त्यातलं द्रव्य शुद्ध रूपात वेगळं केलं. तेच ॲड्रेनलिन. कोडं पुढेच होतं. हेच द्रव्य रक्तवाहिन्या आवळतं, आणि हेच श्वासनलिका सैल करतं. एकाच द्रव्याची दोन उलटी कामं कशी?

उत्तर १९४८ मध्ये रेमंड अल्क्विस्ट यांनी दिलं. ॲड्रेनलिनची भावंडं शोभतील अशी काही द्रव्यं त्यांनी वेगवेगळ्या अवयवांवर तपासली, आणि फरक द्रव्यात नसून पेशीवरच्या ग्राहींत, म्हणजे रिसेप्टरांत आहे, असं मांडलं. ग्राही हे कुलूप मानलं तर कुलपं दोन जातींची : अल्फा आणि बीटा. एका नियतकालिकाने हा निबंध परत पाठवला होता. आज औषधशास्त्राचा मोठा भाग त्यावर उभा आहे. कुलूप उघडणारी किल्ली म्हणजे ॲगोनिस्ट. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल श्वासनलिकेतला बीटा ग्राही उघडतं. चोंदलेल्या नाकात घालायचे झायलोमेटाझोलिनचे थेंब अल्फा उघडून सुजलेल्या अस्तरातल्या रक्तवाहिन्या आवळतात. ॲलर्जीने एकाएकी रक्तदाब कोसळून घसा बंद होऊ लागला, तर दोन्ही उघडणारं ॲड्रेनलिनच जीव वाचवतं. किल्ली भोकात शिरते पण फिरत नाही, वाट मात्र अडवते, अशा औषधाला ब्लॉकर म्हणायचं.

आता विंचू. तांबड्या विंचवाचं विष मज्जातंतूंमधली सोडियमची दारं बंद होऊ देत नाही. तंतू पेटल्यासारखे होतात आणि शरीर स्वतःचंच ॲड्रेनलिन, नॉरॲड्रेनलिन बेसुमार ओतू लागतं. अल्फा ग्राही उघडून रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार पडतात. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. गुलाबी फेस तो हाच. विंचू फक्त पहिली किल्ली फिरवतो, पुढचा घात आपल्याच शरीरातल्या किल्ल्या करतात.

पुष्कळ दंशांत विष थोडं असतं. नुसती वेदना होते आणि काही तासांत आपोआप ओसरते. विंचू उतरवणाऱ्याचं यश एवढंच.

हे सारं जुळवणारा माणूस आमच्या घाटाच्या पलीकडे निघाला. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड तालुका लागतो. तिथल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. विंचू चावलेल्या रोग्यांच्या उशाशी बसून ते नाडी, रक्तदाब, घाम यांच्या नोंदी ठेवत. कोणती लक्षणं हृदयावरच्या संकटाची आगाऊ खूण आहेत, हे त्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. १९८६ मध्ये डॉ. प्रमोदिनी बावस्करांसह त्याच नियतकालिकात उपाय मांडला : प्रॅझोसिन, अल्फा अडवणारी रक्तदाबाची साधी गोळी. नुसता बीटा अडवला तर अल्फाला मोकळं रान मिळतं, म्हणून अल्फाच अडवायचा. आणि हृदय पुरतं थकलेलंच असेल, तर उलट डोब्युटामिन, म्हणजे बीटा उघडणारा ॲगोनिस्ट, सलाइनमधून द्यावा लागतो. एका कुलपाने घात केला, तर वेळ बदलली की दुसरं तारतं. पूर्वी अशा गंभीर रोग्यांपैकी सुमारे ३० टक्के दगावत; गोळीनंतर हे प्रमाण एखाद्या टक्क्यावर आलं. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांची ७० रोग्यांवरची चाचणी आली. प्रॅझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिविष लस दिलेल्यांपैकी ९१ टक्के रोगी दहा तासांत बरे झाले, नुसत्या गोळीवर २३ टक्के. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या तारखा मी एका कागदावर ओळीने मांडल्या, तेव्हा हात थांबला. १९७९ आणि १९८६. प्रॅझोसिन तेव्हाही जगात होतं, पण ते विंचवाचं औषध आहे हे कुणालाच उमगलं नव्हतं. म्हणजे त्या रात्री ते दोन तास वाचले असते, तरी दवाखान्यात त्या मुलासाठी ही गोळी नव्हती. आम्ही दोन तास नव्हे, सात वर्षं लवकर पोचलो होतो. विंचू उतरवणाऱ्याकडे जाणं बरोबर होतं असं याचा अर्थ नाही. आज ते दोन तास खरोखरच जीव घेतील.

आईचं वय आता ऐंशीच्या पुढे. धरणाच्या पाण्याकडे तोंड करून ती ओट्यावर बसली होती. मी कागद वाचून दाखवला, किल्ली-कुलूप समजावलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग आता तरी मिळती का ती गोळी, लगीच?"

"भोरच्या कुठल्याही औषधाच्या दुकानात. पण द्यायची डॉक्टरनं, रक्तदाब बघून."

"मग हे वरच्या वाड्यांवर सांग," ती म्हणाली. "मला सांगून काय उपयोग?"