हिवाळा (शीश्किन)

रशियन निसर्गचित्रकार इव्हान इव्हानोविच शीश्किन (1832–1898) याचे 1890 सालचे तैलचित्र. मूळ रशियन नाव 'झिमा'. आकार 125.5 × 204 सेंमी. सेंट पीटर्झबर्गच्या रशियन संग्रहालयात हे जतन केले आहे.

बर्फाने भरलेले सूचिपर्णी वृक्षांचे घनदाट अरण्य, उन्मळून पडलेले जुने ओंडके, त्यांच्यातून डोके वर काढणारी कोवळी रोपे आणि खोडांच्या रांगांपलीकडे मोकळ्या जागेत उतरलेला फिकट प्रकाश, एवढाच या चित्राचा ऐवज आहे. मनुष्य नाही, पाऊलवाट नाही. सजीव म्हणावा असा फांदीवर बसलेला एक पक्षी तेवढा आहे, आणि तोही शोधावा लागतो.

शीश्किन हा मुळात रेखेचा कारागीर. अम्लरेखनात, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेघ ओढून ती अम्लाने कोरण्याच्या कलेत, त्याने मोठे प्रावीण्य मिळविले व अशा साठ मुद्राचित्रांचा संग्रह 1894 मध्ये प्रसिद्ध झाला. या कलेत पांढरा रंग म्हणजे शाई न लागलेला कोरा कागद. त्यामुळे शुभ्रता काळ्याच्या आधारावर कशी उभी करावी हे ज्याच्या हाती मुरले होते, त्याने येथे ओंडक्यावरील बर्फाची जाडी, त्याची गोलाई आणि खालच्या बाजूची करडी-निळसर छाया इतक्या नेमकेपणाने दाखविली आहे की, बर्फाखालचे लाकूड न दिसताही त्याचा आकार कळतो. तपकिरी, करडा आणि पांढरा यांपलीकडे रंगांची मातब्बरी फारशी नाही. शीश्किनच्या रंगदृष्टीला उणे लेखणाऱ्यांचा आक्षेप अन्यत्र कदाचित ग्राह्य धरता येईल. ज्या विषयात निसर्गानेच रंग आवरते घेतले आहेत, तेथे मात्र तो गैरलागू ठरतो.

फिरती प्रदर्शने भरविणाऱ्या 'पेरेद्विझ्निकी' या चित्रकारसंघाचा शीश्किन हा संस्थापक-सदस्य. त्याचे सर्वाधिक लोकप्रिय चित्र 'पाइन-वनातील प्रभात' (1889) असून त्यातील अस्वलांचे श्रेय बहुधा सावित्स्की या चित्रकाराला दिले जाते. प्रस्तुत चित्राला श्रेयाचा असा कोणताही वाद चिकटलेला नाही, आणि कदाचित म्हणूनच त्याची कीर्तीही मर्यादित राहिली.

लेर्मोंतोव्हच्या कवितेवर आधारलेले 'रानटी उत्तरेत' (1891) हे शीश्किनचे आणखी एक हिमचित्र कीव्ह येथे आहे. त्यात अरण्याऐवजी कड्यावरचा एकच पाइन वृक्ष आहे.