इन्सॅट-१बी

इन्सॅट-१बी हा भारतीय राष्ट्रीय उपग्रह प्रणालीतील दुसरा, परंतु नियोजित सेवा पूर्ण करणारा पहिला उपग्रह होय. दूरचित्रवाणी, दूरसंचार व हवामान-निरीक्षण ही तिन्ही कामे त्याच्याकडे होती. अमेरिकेतील फोर्ड एअरोस्पेस कंपनीने तो बांधला. सध्या तो निवृत्त आहे.

प्रक्षेपण

एप्रिल १९८२ मध्ये सोडलेला इन्सॅट-१ए इंधन संपल्यामुळे पाचच महिन्यांत निकामी झाला होता. त्यामुळे सारी भिस्त या उपग्रहावर होती. ३० ऑगस्ट १९८३ रोजी ‘चॅलेंजर’ अवकाशयानाने त्यास नेले. अवकाशयानाचे ते पहिलेच रात्रीचे उड्डाण होते. कक्षेत पोहोचल्यावर उपग्रहाचा सौर पंख उलगडेना. हसन येथील मुख्य नियंत्रण केंद्रातील अभियंत्यांच्या प्रयत्नांना सप्टेंबरच्या मध्यास यश आले आणि ऑक्टोबरपासून सेवा सुरू झाली.

पंख एकाच बाजूस होता, हे या मालिकेचे वैशिष्ट्य. हवामान-कॅमेऱ्याच्या शीतकासमोर मोकळे अवकाश राहावे म्हणून दुसऱ्या बाजूस पंख न देता, सूर्यप्रकाशाच्या दाबाचा तोल साधण्यासाठी लांब दांड्यावर एक ‘सौर शीड’ बसविलेले होते.

कक्षा व सेवा

विषुववृत्तावर सुमारे ३५,८०० किमी उंचीवर, ७४° पूर्व रेखांशावर त्याचे स्थान होते. भूस्थिर कक्षेतील स्थिर बिंदू ७५° पूर्वेजवळच असल्याने तेथे पूर्व-पश्चिम सरकणे अल्प असते. कोकण किनारा जवळजवळ याच रेखांशावर येतो. गुहागर तालुक्यातील हेदवीहून पाहता उपग्रह ठीक दक्षिणेस, किंचित पूर्वेकडे, क्षितिजापासून सुमारे ७०° उंचीवर येई. म्हणजे डोंगराआड जमिनीवरील सहक्षेपण केंद्राच्या लहरी अडत, तेथेही उपग्रहाकडे रोखलेल्या तबकडीस आकाश मोकळेच असे.

सी-बँडचे १२ व एस-बँडचे २ ट्रान्सपॉन्डर त्यावर होते. एस-बँडचे कार्यक्रम जाळीच्या मोठ्या तबकडीने खेड्यातही थेट घेता येत. १९८४ मध्ये काही महिने देशात दिवसाला जवळजवळ एक याप्रमाणे सहक्षेपण केंद्रे उभी राहिली, ती याच उपग्रहाच्या भरवशावर. विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक प्रसारण १५ ऑगस्ट १९८४ रोजी सुरू झाले. शालेय कार्यक्रमांसाठी पुण्यात स्थापन झालेली ‘बालचित्रवाणी’ही त्याच वर्षीची.

नियोजित आयुर्मान सात वर्षे असूनही उपग्रह १९९३ पर्यंत उपयोगात राहिला. ७४° पूर्वेचे स्थान १९९२ मध्ये इस्रोने स्वतः बांधलेल्या इन्सॅट-२ए ने घेतले.