डिस्ट्रिब्युटर व स्पार्क प्लग
डिस्ट्रिब्युटर हा जुन्या पेट्रोल मोटारींच्या प्रज्वलन यंत्रणेतील, उच्च दाबाची वीज क्रमाने प्रत्येक स्पार्क प्लगकडे पोहोचवणारा भाग होय. मुंबईत कुर्ला येथे फियाट ११०० च्या धर्तीवर बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनी मोटारीत तो असे. चार-धावी इंजिनात त्याचा दांडा क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. दांड्यावरील कॅम 'पॉइंट' उघडतो, तेव्हा कॉइलच्या प्राथमिक वेढ्यातील प्रवाह तुटतो आणि दुय्यम वेढ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. रोटर ही वीज कॅपमधून १-३-४-२ अशा क्रमाने वाटतो. प्लगच्या टोकाशी मिलिमीटरहूनही लहान फटीत ठिणगी पडून इंधनमिश्रण पेटते.

पावसाळ्यात कॅपमध्ये ओल शिरल्यास वा तिला बारीक तडा गेल्यास वीज भलतीकडे वळते; गाडी झटके देते किंवा सुरूच होत नाही. पॉइंट वारंवार जळत असतील तर बहुधा कंडेन्सर निकामी असतो. प्लग मात्र इंजिनाची प्रकृती सांगतो, म्हणून काढलेला प्लग पुसण्याआधी पाहावा. फिकट तपकिरी रंग निरोगीपणाचा. कोरडी काजळी इंधन जास्त झाल्याची, तेलकट काळेपणा बहुधा झिजलेल्या रिंगांचा, तर पांढरे, फोड आलेले टोक अतितापाचे लक्षण होय. मूळ दोष न काढता नवा प्लग बसवल्यास तोही लवकरच तसाच होतो.

शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या फियाट कारखान्यातील पेट्रोल इंजिनांत डिस्ट्रिब्युटर नसतो. ठिणगीची वेळ इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ठरवतो.